स्वादुपिंडाची गाठ आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपी: सुई न टोचता निदान का होत नाही?

रेणू_सांगली

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला (वय ६१) गेल्या चार महिन्यांपासून बेंबीच्या वरच्या भागात दुखते आणि ते दुखणे पाठीपर्यंत जाते. वजन सात किलोंनी उतरले आहे. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शीर्षभागात सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ दिसली असून अहवालात दोन शक्यता शेजारी शेजारी लिहिल्या आहेत: जुन्या दाहामुळे तयार झालेला गोळा, किंवा कर्करोग. दादाला पूर्वी दोनदा स्वादुपिंडाला सूज आल्याने रुग्णालयात राहावे लागले होते, त्यामुळे पहिली शक्यता निराधार म्हणता येत नाही. डॉक्टरांनी एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करून सुईने तुकडा काढायला सांगितले आहे. दादा त्याला तयार नाही, कारण सुई लागली की गाठ पसरते असे त्याच्या मनाने घेतले आहे.

मी ३१ वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. दरवर्षी फळ्यावर इथिल अल्कोहोलचा एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) वर्णपट काढायचा, त्याची तीन शिखरे दाखवायची आणि एकाही रेणूला धक्का न लावता त्याची रचना कशी वाचता येते हे सांगायचे, हा माझा आवडता तास होता. एमआरआय यंत्र त्याच तत्त्वावर चालते. मेंदूतील गाठींसाठी त्याच यंत्रावर स्पेक्ट्रोस्कोपी करतात, म्हणजे गाठीचे चित्र न काढता तिच्यातील रसायनांचा वर्णपट काढतात, असे माझ्या वाचनात आले आहे. मग स्वादुपिंडाच्या गाठीला हाच प्रश्न का विचारत नाहीत? आमच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा "ते पोटात चालत नाही" एवढेच उत्तर मिळाले. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. पण का चालत नाही, हे समजल्याशिवाय मला दादाला समजावता येणार नाही.

अनुनाद

रेणूताई, तुम्ही ज्या तीन शिखरांचा उल्लेख केला आहे त्यांचा इतिहास आधी सांगावासा वाटतो, कारण तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये द्रव आणि घन पदार्थांतील अणुकेंद्रीय अनुनाद दाखवला आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एकाच रेणूतील हायड्रोजन आपापल्या परिसरानुसार वेगळ्या वारंवारतेला साद देतात हे इथिल अल्कोहोलच्या तीन शिखरांनी स्पष्ट केले, आणि १९५१ चा तो शोधनिबंध अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांचा आहे. त्यांतील एस. एस. धर्मट्टी हे पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. तुम्ही फळ्यावर काढत होता त्या चित्रात आपल्या देशातील एका माणसाचा हात आहे.

आता मूळ प्रश्न. परीक्षानळीत आपण शुद्ध पदार्थ ठेवतो, ती नळी स्थिर असते, आणि हवे तर रात्रभर संकेत गोळा करता येतो. पोटात यांपैकी एकही गोष्ट हाती नसते. ऊतींतील पाण्याच्या हायड्रोजनचा संकेत इतका मोठा असतो की कोलिन किंवा क्रिएटिनसारख्या पेशींतील पदार्थांचा संकेत त्याच्या सुमारे दहा हजारांश भरतो. स्वादुपिंडाच्या सभोवती आणि आतही मेद असतो, त्याचे शिखरही अवाढव्य असते. ढोलताशांच्या मिरवणुकीत तंबोऱ्याची तार वाजत असते, पण ती ऐकू येत नाही, तशी ही अवस्था आहे. पाण्याचा आवाज दाबण्याच्या युक्त्या आहेत, परंतु त्या नीट चालण्यासाठी निवडलेल्या जागेत चुंबकीय क्षेत्र अत्यंत एकसारखे असावे लागते. स्वादुपिंडाच्या पुढे जठर आणि शीर्षाला वेढून आदिआंत्र (लहान आतड्याचा पहिला भाग), दोन्हींत वायू असतो. वायू आणि ऊती यांच्या सीमेवर क्षेत्र वेडेवाकडे होते, शिखरे रुंदावतात आणि एकमेकांत मिसळतात. त्यातच श्वासाबरोबर स्वादुपिंड एक ते दोन सेंटिमीटर वरखाली सरकते, म्हणजे तुम्ही ज्या जागेचा वर्णपट घेत आहात ती जागाच तुमच्या हाताखालून निघून जाते.

भिंगरी

अनुनाद, निवडलेली जागा लहान करता येत नाही का? गाठीच्या अगदी मध्यात छोटा चौकोन ठेवला तर आजूबाजूचा मेद आपोआप वगळला जाईल.

अनुनाद

चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. संकेत त्या घनाच्या आकारमानाच्या प्रमाणात मिळतो. दोन सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर तो ८ मिलिलिटर भरतो. बाजू निम्मी केली तर १ मिलिलिटर उरतो, म्हणजे संकेत आठव्या हिश्श्यावर येतो. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की गोंगाट कमी होतो खरा, पण तो मोजणीच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे आठपट घट भरून काढायला चौसष्टपट वेळ लागतो. जी तपासणी पाच मिनिटांत झाली असती तिला पाच तासांहून अधिक वेळ लागेल, आणि पोटदुखीने बेजार झालेला माणूस यंत्रात तेवढा वेळ निश्चल राहू शकत नाही.

यातून आणखी एक कटू गोष्ट निघते. एक सेंटिमीटर व्यासाची गाठ, म्हणजे जिच्यावर शस्त्रक्रिया करून रुग्ण वाचण्याची सर्वांत अधिक आशा असते ती गाठ, अर्धा मिलिलिटर भरते. ८ मिलिलिटरच्या घनात तिचा वाटा पंधरावा-सोळावा हिस्सा एवढाच. ज्या अवस्थेत निदान सर्वांत मोलाचे आहे, नेमकी तीच या तपासणीच्या आवाक्याबाहेर राहते. रेणूताईंच्या बंधूंची तीन सेंटिमीटरची गाठ मात्र सुमारे १४ मिलिलिटरची आहे, तिच्यात दीड सेंटिमीटर बाजूचा घन पूर्ण मावतो. म्हणून त्यांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अशक्य कोटीतला नाही, असे मी म्हणेन.

क्षकिरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि गेली १९ वर्षे पोटाचे एमआरआय वाचत आले आहे. अनुनाद यांनी सांगितलेले भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि माझी अडचण यंत्राच्या ताकदीपेक्षा वेगळी आहे.

मेंदूत स्पेक्ट्रोस्कोपी उपयोगी पडते कारण तेथे निरोगी चेतापेशींची स्वतःची खूण असते. एन-ॲसिटिल-ॲस्पार्टेटचे शिखर घटले आणि कोलिनचे वाढले की काहीतरी बिघडले हे दिसते. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीत सायट्रेट विपुल असते आणि कर्करोगात ते घटते, म्हणून तेथेही तुलनेला आधार मिळतो. स्तनाच्या गाठींवर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जगन्नाथन यांच्या गटाने केलेले काम प्रसिद्ध आहे. तेथे कोलिनचे शिखर हीच खूण धरतात, आणि रुग्ण पालथी झोपली की स्तन जागचा हलत नाही. निरोगी स्वादुपिंडाच्या हायड्रोजन वर्णपटात असे ठळक, केवळ त्याचे म्हणता येईल असे एकही शिखर मला आजवर दिसलेले नाही. दिसतो तो मुख्यतः मेद, आणि मेदाचे प्रमाण वयाने, स्थूलपणाने आणि मधुमेहाने बदलते.

त्याहून मोठा प्रश्न गाठीच्या घडणीचा आहे. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग आतून पेशींनी गच्च भरलेला नसतो. त्याचा बराचसा भाग तंतुमय ऊतींचा असतो आणि कर्कपेशी त्यात विखुरलेल्या असतात. जुन्या दाहाचा गोळाही तंतुमयच असतो. म्हणजे ज्या दोन शक्यतांमध्ये रेणूताईंना निवड करायची आहे त्यांची रसायने आपण ज्या जाड चाळणीतून पाहतो तिच्यात जवळजवळ सारखी दिसतात. या दोहोंत मेदाच्या शिखरावरून फरक करण्याचे प्रयत्न रुग्णांच्या लहान गटांवर झाले आहेत, पण एखाद्याच्या पोटावर चाकू चालवायचा की नाही हे ठरवण्याइतके बळ त्यांत नाही. उद्या माझ्याकडे असा वर्णपट आला आणि त्यात कोलिनचे शिखर दिसले नाही, तर मी "कर्करोग नाही" असे लिहू शकणार नाही. आणि दिसले तरी बायोप्सी टळणार नाही. ज्या तपासणीच्या कोणत्याही उत्तराने पुढचे पाऊल बदलत नाही, तिच्यासाठी अशा रुग्णाचे दोन आठवडे घालवणे मला पटत नाही.

शुभांगी_वसई

लॅक्टेटचे काय? कर्कपेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही साखरेचे लॅक्टेट करतात हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले, हे आम्हाला बीएस्सीला होते. मग लॅक्टेटचे शिखर शोधले तर दाह आणि कर्करोग वेगळे कळायला हवेत.

अनुनाद

शुभांगीताई, लॅक्टेटचे शिखर वर्णपटाच्या मोजपट्टीवर १.३३ वर येते आणि मेदाचे मुख्य शिखर १.३ वर. पोटात दुसरे पहिल्याला पूर्ण गिळून टाकते. मेंदूत आम्ही एक युक्ती करतो: प्रतिध्वनीचा कालावधी १४४ मिलिसेकंद ठेवला की लॅक्टेटचे जोडशिखर उलटे होऊन रेषेच्या खाली येते आणि तेवढ्या वेळात मेदाचा आवाजही मंदावतो. पण मेदाने वेढलेल्या, श्वासाने हलणाऱ्या अवयवात त्या उलट्या शिखरावर विसंबता येत नाही. शिवाय दाह झालेल्या ऊतीतही लॅक्टेट वाढते.

क्षकिरण यांच्या आक्षेपावर थोडे लिहितो. आजच्या नित्याच्या वापरापुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु कर्करोगात रासायनिक बदल होतच नाही, असा त्यातून कोणी अर्थ काढू नये. जॉन्स हॉपकिन्समध्ये झेवर भुजवाला यांच्या गटाने २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात कोलिनचा चयापचय बदललेला असतो हे दाखवले आहे. खूण आहे, जिवंत माणसाच्या पोटात ती ऐकण्याचे साधन अपुरे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच पुढचे संशोधन कोणत्या दिशेने व्हावे हे कळते.

ओंकार_केंब्रिज

लॅक्टेटचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी येथे संशोधक विद्यार्थी आहे, आणि हायड्रोजन सोडून कार्बनकडे वळणे हा मला या कोंडीतून निघणारा सर्वांत खरा रस्ता वाटतो.

शरीराच्या तापमानाला ३ टेस्लाच्या यंत्रातसुद्धा दर दहा लाख हायड्रोजन अणुकेंद्रांमागे सुमारे दहांचाच निव्वळ कल चुंबकाच्या दिशेने असतो. आपल्याला जो संकेत मिळतो तो या दहांच्या जोरावर. कार्बन-१३ ची (कार्बनच्या संकेत देणाऱ्या जड प्रकाराची) स्थिती त्याहून बिकट असते, कारण निसर्गातील कार्बनमध्ये तो जेमतेम १.१ टक्का असतो आणि त्याचे चुंबकत्वही हायड्रोजनच्या पाव. पण पायरुव्हेटच्या (पेशीत साखरेपासून बनणाऱ्या पदार्थाच्या) रेणूत मुद्दाम कार्बन-१३ बसवून, तो निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एखादा अंश वर गोठवून, त्यावर सूक्ष्मलहरी सोडून अणुकेंद्रांना एका दिशेला वळवता येते, आणि मग गरम द्रावकाने क्षणात विरघळवले तरी तो कल काही काळ टिकतो. २००३ मध्ये या पद्धतीने द्रवातील संकेत दहा हजारपटींहून अधिक वाढल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र तो साधारण मिनिटभरात ओसरू लागतो. त्यामुळे द्रावण तयार करणे, त्याची शुद्धता तपासणे, शिरेतून देणे आणि मोजणी करणे हे सगळे अक्षरशः धावपळीत करावे लागते.

या धावपळीचे फळ असे की पायरुव्हेटचे पुढे काय होते ते प्रत्यक्ष घडताना दिसते. पेशी त्याचे लॅक्टेट करते की ॲलानिन (एक अमिनो आम्ल), हे दोन वेगळ्या शिखरांवरून कळते, आणि कार्बनच्या वर्णपटात पाण्याचा वा मेदाचा तो प्रचंड आवाज नसतो. निरोगी स्वादुपिंडात ॲलानिन भरपूर तयार होते. येथील केव्हिन ब्रिंडल यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत दाखवले की निरोगी ऊतीपासून कर्करोगाच्या पूर्वावस्थेकडे आणि तेथून कर्करोगाकडे जाताना ॲलानिन आणि लॅक्टेट यांचे गुणोत्तर पायरी पायरीने उतरत जाते. गाठ होण्याआधीची अवस्था रसायनावरून ओळखू येते, ही त्यातली विलक्षण गोष्ट आहे. माणसांत या पद्धतीचा पहिला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोत पुरःस्थ ग्रंथीच्या ३१ रुग्णांवर झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा प्राथमिक प्रयोग डेन्मार्कमधील आरहूस येथील गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला.

रेणूताई, यातले काहीही आज तुमच्या दादांना उपलब्ध होणार नाही, हे मला लिहावेच लागेल. खोटी आशा लावण्याचा माझा हेतू नाही.

गोंयकार

ओंकार, पूर्वावस्थेबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून मी बराच वेळ थांबलो. माझे वडील याच आजाराने गेले. त्यांना वयाच्या ५८ व्या वर्षी अचानक मधुमेह निघाला. घरात कोणालाही मधुमेह नव्हता आणि ते स्थूलही नव्हते. आम्ही भात कमी केला, गोळी सुरू केली आणि उतरणारे वजन हे पथ्याचे यश समजलो. अकरा महिन्यांनी कावीळ झाली तेव्हा गाठ रक्तवाहिनीला वेढून बसली होती. ज्या दवाखान्यात साखर तपासली जात होती तेथे कोणीही या दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत, आणि आम्हालाही ते सुचले नाही.

मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने गेले तेव्हा गोव्यातल्या अनेकांनी स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदा नीट उच्चारला. माझा प्रश्न असा आहे की रासायनिक बदल जर इतका आधी होत असेल, तर पन्नाशीनंतर सर्वांचीच अशी चाचणी का करू नये? यंत्र महाग असेल, पण माणूस त्याहून महाग आहे.

गणिती_आजोबा

गोंयकार, तुमचे दुःख मी समजू शकतो आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर अत्यंत आदराने देतो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. समजा, आपल्याला एक उत्तम चाचणी मिळाली, जी शंभर रोग्यांपैकी ९५ ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जणांना निरोगी म्हणते. आता असा गट घ्या, ज्यात एक लाख लोकांत दहांना हा रोग आहे. चाचणी त्या दहांपैकी नऊ-दहा जणांना शोधून काढेल. पण निरोगी ९९,९९० जणांपैकी सुमारे पाच हजारांना ती "रोग आहे" असे सांगेल. या पाच हजारांचे पुढे सीटी, सुई आणि काहींची तर शस्त्रक्रिया होईल. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया किती मोठी असते हे तुम्ही जवळून पाहिले आहे.

आता हीच चाचणी अशा गटात लावा, ज्यात शंभरांत एकाला रोग आहे. हजार माणसांत दहा रोगी. त्यांतील साडेनऊ सापडतात आणि खोटी भीती सुमारे पन्नास जणांना मिळते. सहांत एक खरा निघतो. चाचणी तीच, यंत्र तेच, फक्त कोणाला बोलावले एवढेच बदलले. म्हणून "सर्वांची का नको" यापेक्षा "कोणाची हवी" हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

पचनमार्ग

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. आजोबांनी घेतलेला शंभरांत एक हा आकडा प्रत्यक्षात सापडतो, आणि तो गोंयकार यांच्या वडिलांच्या बाबतीत लागू होता. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांना तीन वर्षांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान होते. मधुमेहाबरोबर वजन उतरत असेल तर संशय वाढतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१९ मध्ये लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांची सरसकट तपासणी करू नये हीच शिफारस कायम ठेवली. ज्यांच्या कुटुंबात हा रोग आहे किंवा विशिष्ट जनुकीय दोष आहे त्यांच्यासाठी मात्र एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी यांनी नियमित पाहणी करतात.

वेळ नसतो असे मात्र नाही. शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठींतील जनुकीय बदल मोजून २०१० मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला त्यानुसार पहिल्या बदलापासून प्रत्यक्ष कर्करोगाची मूळ पेशी जन्माला येईपर्यंत किमान एक दशक जाते आणि ती पसरण्याची क्षमता मिळवेपर्यंत आणखी किमान पाच वर्षे. इतका मोठा अवधी आपल्या हातात असतो आणि आपण तो पाहू शकत नाही, याची बोच या क्षेत्रातल्या प्रत्येकाला असते. ओंकार ज्या संशोधनाबद्दल लिहितात त्याचे मोल मला त्यामुळेच वाटते.

आता रेणूताईंच्या दादांविषयी. सुईने गाठ पसरते ही भीती पूर्णपणे निराधार नाही, सुईच्या मार्गात पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळ आहेत. आणि त्यांची गाठ शीर्षभागात आहे. तेथे सुई आदिआंत्राच्या भिंतीतून जाते, आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर आदिआंत्राचा तो भाग गाठीबरोबरच काढला जातो. म्हणजे सुईचा मार्गही शरीरात उरत नाही. त्यांना हे कागदावर चित्र काढून दाखवा.

दुसरे असे की सुई दोनच शक्यतांसाठी नसते. आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी संबंधित स्वयंप्रतिकारक दाह हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो आणि स्टेरॉइडने विरघळतो. त्याची रक्ततपासणी झाली आहे का ते पाहा. दादांच्या जुन्या सीटीत स्वादुपिंडात कॅल्शियमचे खडे आहेत का, हेही विचारा. केरळमध्ये आणि दक्षिणेत अन्यत्रही मद्याशी संबंध नसलेला, खडे होणारा जुनाट दाह आढळतो, आणि त्या रुग्णांत कर्करोगाचा धोका सामान्य माणसाच्या कितीतरी पट असतो. "जुना दाह आहे म्हणजे कर्करोग नसेल" हा तर्क म्हणूनच धोक्याचा ठरतो.

शुभांगी_वसई

सीए १९-९ ही या कर्करोगासाठी करतात ती रक्ततपासणी पुरेशी नाही का? आमच्या नात्यात एकांची ती सामान्य आली होती आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला होता.

पचनमार्ग

नाही, शुभांगीताई. काही लोकांच्या रक्तगटाच्या रचनेमुळे त्यांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. असे लोक साधारण ५ ते १० टक्के असतात. त्यांच्यात रोग कितीही वाढला तरी आकडा वाढत नाही. उलट पित्तनलिका तुंबून कावीळ झाली तर कर्करोग नसतानाही तो पुष्कळ वर जातो. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी तो उपयोगी आहे, निदानाचा निवाडा देण्यासाठी नाही.

भिंगरी

आजोबांचा हिशेब आणि डॉक्टरांचा एक टक्का एकत्र वाचल्यावर मला असे वाटते की कार्बनची स्पेक्ट्रोस्कोपी कधी नित्याची झाली, तर तिची पहिली जागा पन्नाशीनंतर अचानक मधुमेह होऊन वजन उतरणाऱ्या लोकांत असेल. माझे काही चुकत असेल तर सांगावे.

क्षकिरण

चुकत नाही. मी वर लिहिलेला आक्षेप आजच्या हायड्रोजन वर्णपटाला होता. ॲलानिन आणि लॅक्टेटचे गुणोत्तर माणसांत उंदरांसारखेच वागले, आणि त्यातून दाह व कर्करोग वेगळे निघाले, तर मी स्वतः ते अहवालात आनंदाने लिहीन. दाहाच्या ठिकाणीही लॅक्टेट वाढते, हा अडथळा मात्र तेथेही ओलांडावा लागेल. सध्या आपल्या हाती जे आहे त्यात पित्त व स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणारा एमआरआय रेणूताईंना उपयोगी पडेल. गाठीतून जाणारी नलिका दाहात पुष्कळदा निमुळती होत पुढे जाताना दिसते, कर्करोगात ती बहुधा एकदम तुटते. हा नियम पक्का नाही, पण सुईच्या निकालाशी जुळवून पाहायला तो आधार देतो. दादांचा हा एमआरआय झाला नसेल तर तो आधी करून घ्या.

रेणू_सांगली

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. "पोटात चालत नाही" या तीन शब्दांमागे पाणी, मेद, वायू, श्वास आणि तंतुमय ऊती एवढे सारे होते, हे आता समजले. काल रात्री हा धागा दादाला वाचून दाखवला. चौसष्टपट वेळेचा हिशेब त्याने स्वतः कागदावर करून पाहिला. तो पाटबंधारे खात्यात होता, आकड्यांवर त्याचा विश्वास आहे. सुईचा मार्ग शस्त्रक्रियेत निघून जातो हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "चल, करून टाकू" म्हणाला. नलिकांचा एमआरआय उद्या सकाळी आहे, आयजीजी-४ साठी रक्त दिले आहे आणि सुईची तपासणी गुरुवारी ठरली आहे.

एकच शंका उरली आहे. सुईच्या निकालात कर्कपेशी सापडल्या नाहीत, तर विषय संपला असे समजायचे का?

पचनमार्ग

नाही, आणि हे आधीच विचारलेत ते फार बरे झाले. जुना दाह असलेल्या स्वादुपिंडात सुईची अचूकता कमी होते, कारण तंतुमय भागातून कर्कपेशी हाती न लागण्याची शक्यता असते. निकाल नकारात्मक आला आणि गाठ, वजन, नलिका यांवरून संशय कायम राहिला, तर सुई पुन्हा करावी लागते, किंवा शल्यचिकित्सक सुईविनाही शस्त्रक्रियेचा सल्ला देऊ शकतात. निकाल हाती आल्यावर शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि पोटविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, असा आग्रह धरा.

गोंयकार

रेणूताई, दादांना हृदयासाठी वा अन्य कशासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का? वडिलांच्या वेळी हे आयत्या दिवशी लक्षात आले आणि तपासणी आठवडाभर पुढे गेली होती.

रेणू_सांगली

हो, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला तेव्हापासून क्लोपिडोग्रेल चालू आहे. हे कोणीही विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.

पचनमार्ग

ती गोळी स्वतःहून बंद करू नका. आजच हृदयरोगतज्ज्ञांना आणि एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही फोन करा. सामान्यतः अशा सुईच्या तपासणीआधी ती पाच ते सात दिवस थांबवतात, पण स्टेंटच्या रुग्णात तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा असतो. गुरुवार बहुधा पुढे ढकलावा लागेल. उद्याचा एमआरआय मात्र ठरल्याप्रमाणे होऊ द्या. जाताना स्टेंटचे कार्ड बरोबर न्या.

रेणू_सांगली

दोन्ही ठिकाणी फोन केला. तपासणी पुढच्या बुधवारी ठरली आहे आणि गोळी कधी थांबवायची ते हृदयरोगतज्ज्ञ उद्या दुपारी सांगणार आहेत. एमआरआयचा अहवाल आला की नलिकेबद्दल काय लिहिले आहे ते येथे लिहीन.